आठ पायांची चिप आणि तीन मंगळवार

१

तिसऱ्या मंगळवारी कॉम्प्युटर पुन्हा मेला. या वेळी बेसिल घोन्साल्विस यांनी मला फोन करायच्या आधीच ऑफिसातल्या मनवाला काढून टाकायचं पत्र तयार ठेवलं होतं. हाताने लिहिलेलं. टाईप करायचं तर कॉम्प्युटर लागतो, आणि कारखान्यात टाईप करता येणारी एकटी मनवाच.

चिंचपोकळी स्टेशनपासून पाच मिनिटांवर बेसिलचा कारखाना आहे. तिथे दारावर लावायच्या नावाच्या पाट्या बनतात, पितळेच्या नि ॲक्रिलिकच्या. पूर्वी अक्षरं छिन्नीने कोरायचे. आता कॉम्प्युटर सांगतो आणि मशीन कोरतं, त्यामुळे कॉम्प्युटर बसला की सगळेच बसतात. माझं रिपेअरिंगचं दुकान लालबागला, मसाल्याच्या गिरणीला लागून. माझ्याकडून गेलेल्या लॅपटॉपला आठवडाभर मिरचीचा वास येतो अशी लोकांची तक्रार असते. मशीन परत बंद पडलं अशी सहसा नसते. हे तीनदा आलं होतं.

"नलू, पहिल्यांदा तू म्हणालीस, होतं असं कधीकधी," बुधवारी दुपारी मी गेले तेव्हा बेसिल म्हणाले. "दुसऱ्यांदा चिप बदललीस. आता काय बदलणार? मला?"

चिप म्हणजे बायोसची चिप. मदरबोर्डवर नखाएवढी, आठ पायांची. कॉम्प्युटर जागा झाल्यावर पहिलं काय करायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ते पुसलं गेलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, आणि पुढे काही नाही. माणूस सकाळी डोळे उघडतो पण आपण कोण तेच आठवत नाही, तसं.

"चिप नाही बदलायची, आंटी. माणूस बदलायचा," एल्रॉय म्हणाला. हा बेसिलचा मुलगा, तिशीतला. "तिन्ही वेळा मंगळवार. तिन्ही वेळा जेवणाच्या सुट्टीनंतर. आणि मंगळवारी सुट्टीत ऑफिसात एकटं कोण असतं, दार लावून? विचारा तिला."

मनवा दारातच उभी होती. वय असेल बत्तीस.

"पेन ड्राइव्ह पण तिचा. घरून आणते. व्हायरस दुसरा कुठून येणार?"

बेसिलनी पत्राची घडी शर्टाच्या खिशात सारली. "येत्या मंगळवारी तिचे सहा महिने भरतात. त्या दिवशी कॉम्प्युटर नीट चालला तर ती पक्की. बंद पडला तर हे पत्र. सगळ्यांच्या समोर सांगितलंय मी, आज, जेवताना."

मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उचललं. मनवा रिक्षापर्यंत आली.

"मावशी, आधीच्या ऑफिसातही असंच झालं होतं," ती म्हणाली. "एक फाईल हरवली आणि नाव माझं आलं. मी सोडल्यावर फाईल सापडली. कुणी फोन करून सांगितलंसुद्धा नाही. आता इथूनही असंच गेले, तर तिसरीकडे दारात कोण उभं करेल?"

"तू काही केलंयस का?"

"नाही."

"मग झोप नीट घे," मी म्हणाले. एवढंच सुचलं. ती गेल्यावर वाटलं, हे काय उत्तर झालं!

२

दुकानात मी बोर्ड टेबलावर घेतला, चिपला चिमटा लावला, आणि थांबले.

इथे माझी चूक सांगायला हवी. पहिल्यांदा मी चिप सरळ पुसून पुन्हा भरली होती, दुसऱ्यांदा नवीच चिप लावून भरली होती. बिघडलेल्या चिपमध्ये नेमकं काय उरलंय, ते वाचायचे कष्ट घेतले नव्हते. घरात चोरी व्हावी आणि पोलीस यायच्या आत आपणच लादी पुसून घ्यावी, तसला प्रकार. हे काम मला कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघत, हात भाजून घेत मी शिकले, त्यामुळे रागावायलाही कुणी नाही. स्वतःलाच रागावले आणि या वेळी आधी वाचलं.

प्रत्येक बायोसला नंबर असतो, पुस्तकाला आवृत्ती असते तसा. मी दोन्ही वेळा भरलेला नंबर होता बारा. जुना, माझ्या संग्रहातला, भरवशाचा.

चिपच्या सुरुवातीला लिहिलं होतं सतरा.

सतरा मी कधी भरलाच नव्हता. कंपनीच्या साईटवरून सतरा उतरवून घेतला आणि ओळीला ओळ लावून पाहिली. पहिला अर्धा भाग हुबेहूब, एका अक्षराचा फरक नाही. मग मधेच, एका ओळीच्या पोटातच, मजकूर संपला होता. पुढे चिप कोरी.

व्हायरस असं करत नाही. व्हायरस कंपनीची नवी आवृत्ती इतक्या नीटनेटक्या अक्षरात कशाला लिहीत बसेल? पेन ड्राइव्ह सुटला. बोर्ड सडलेला नव्हता, चिपही खराब नव्हती.

माझ्या मागून कुणीतरी या चिपवर लिहायला बसलं होतं. आणि अर्ध्यात उठून गेलं होतं.

३

शुक्रवारी दुरुस्त कॅबिनेट घेऊन गेले आणि सगळ्यांशी एकेक करून बोलले. आधी एल्रॉय.

"नवीन लेझर मशीन हवंय तुला, असं ऐकलं."

"हवंय की. पप्पांना रोज सांगतो." तो हसला. "म्हणून मी जुनं मोडतो असं वाटतं तुम्हाला? आंटी, एका हॉटेलच्या खोल्यांच्या एकशे चाळीस पाट्यांची ऑर्डर मी आणलीय. काम अडलं की शिव्या मला पडतात."

"इंटरनेट कुणी घेतलं इथे?"

"मीच. महिना झाला. आधी तर पेन ड्राइव्हवरच चालायचं सगळं, दगडांच्या काळात होते हे लोक. नेट आल्यावर बोर्डाच्या कंपनीचा प्रोग्रामपण टाकला. तो कायकाय विचारत होता, सगळ्याला यस करून टाकलं."

मी तो प्रोग्राम उघडून पाहिला. दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता तो कंपनीला विचारायचा, नवीन बायोस आहे का? असला तर उतरवून ठेवायचा आणि कॉम्प्युटर बंद करायची वाट बघायचा. कुणी बंद करायला गेलं, की मशीन स्वतःच पुन्हा चालू होऊन चिपवर लिहायचं, पाच-सात मिनिटं, आणि मग खरोखर बंद व्हायचं.

लिहायला कोण बसतं ते कळलं. दर वेळी का बसतं तेही कळलं, आणि मी थोडी वरमले. मी जुना बारा भरून पाठवत होते. प्रोग्रामला मंगळवारी बारा दिसायचा आणि तो बिचारा पुन्हा सतरा लिहायला घ्यायचा. तीनपैकी दोन मंगळवारांची सोय मीच करून दिली होती.

उरला प्रश्न, अर्ध्यात उठवतं कोण? म्हणजेच, वीज कोण तोडतं?

माधवकाका कोपऱ्यात पितळ घासत होते. छत्तीस वर्षं इथे. छिन्नीने नावं कोरायचे, ते मशीन आल्यावर पॉलिशला लागले.

"काका, कॉम्प्युटरवर राग आहे तुमचा?"

"असंल ना. नसायला काय झालं?" ते मान वर न करता म्हणाले. "माझ्या हातचं देवनागरी बघितलंस कधी? वेलांटी अशी काढायचो की लोक दारात उभे राहून बघत. आता सगळ्यांच्या वेलांट्या सारख्या. पण त्या खोलीत मी पाय ठेवत नाय गो बाय. विचार कुणालाही."

विचारलं. खरं होतं. सहा महिन्यांत त्यांना ऑफिसात शिरताना कुणी पाहिलं नव्हतं.

मनवाशी शेवटी बोलले. "दार लावून काय करतेस?"

ती लाल झाली. "मंगळवारी उपास असतो माझा. मागे सगळ्यांचं सुकट, बोंबील चालू असतं, तिथे कशी बसणार? म्हणून इथे बसते. आणि..." तिने दाराकडे पाहिलं. "टेबलावर डोकं टेकते दहा मिनिटं. कामावर झोपते असं कसं सांगू?"

"कॉम्प्युटर कधी बंद करतेस?"

"रोज पाच कमी बाराला. बंद करा म्हणून दाबते, लगेच पडद्याचं बटण बंद, मग बाहेर. बाबा पोस्टात होते ना, घरात रिकाम्या खोलीत दिवा दिसला तर जेवण गोड लागायचं नाही त्यांना."

"बंद करताना पडद्यावर काय लिहून येतं ते वाचतेस?"

"रोज तेच तर असतं, मावशी. काय वाचायचं?"

मी टेबलाखाली वाकले. धुळीत एक चौकोन स्वच्छ होता. वीज गेली तरी कॉम्प्युटर जिता ठेवणारा यूपीएस तिथे असायला हवा होता. तो मला वर माळ्यावर सापडला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. लावून पाहिला तर ठणठणीत.

"हा कुणी काढला?" मी विचारलं.

एल्रॉयने बेसिलकडे पाहिलं. माधवकाका एकाएकी फारच जोरात पितळ घासायला लागले.

"मी काढला," बेसिल म्हणाले. "ओरडायचा."

"कधी ओरडायचा?"

"सोमवारी बाराला ये," बेसिल म्हणाले, आणि आत गेले. यूपीएस मी परत माळ्यावर ठेवला.

४

सोमवारी पाऊण तास आधीच जाऊन बसले.

कारखान्यात मशीनची घरघर, पॉलिशच्या मोटरी, कॉम्प्रेसर. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी जावं लागतं. पाच कमी बाराला मनवाने कॉम्प्युटर बंद केला, पडद्याचं बटण दाबलं, बाहेर आली. सगळे हात पुसत मधल्या जागेत जमले. माधवकाका भिंतीवरच्या मेन स्विचच्या दांड्याला हात लावून उभे.

बाराला पलीकडच्या चर्चची घंटा होते. पहिला टोला पडायच्या आत काकांनी दांडा खाली ओढला.

सगळं थांबलं. मशीन, मोटरी, दिवे, पंखे. त्या शांततेत घंटा अशी ऐकू आली, जणू दारातच वाजते आहे. बेसिल आणि एल्रॉयनी क्रूसाची खूण केली. बेसिल म्हणू लागले, "नमो मारिया, कृपापूर्णे..." बाकीचे हात जोडून उभे. मनवाने डोळे मिटले होते, ओठ हलत होते. ती तिचं काहीतरी म्हणत असावी. तीन मिनिटांनी काकांनी दांडा वर केला आणि सगळे डबे घेऊन मागे गेले.

"माझ्या वडिलांनी लावलेली सवय," बेसिल मला म्हणाले. "मोटरींच्या आवाजात घंटा ऐकू यायची नाही त्यांना. माधवला ठेवला तेव्हा पहिल्या दिवशी हेच काम दिलं. छत्तीस वर्षांत एकदा चुकला नाही तो. तो यूपीएस मात्र दांडा खाली आला की कोंबडीसारखा केकाटायचा. ऐन नमो मारियात."

मला सगळं कळलं होतं, आणि मी गप्प बसले.

त्याचं कारण होतं. कॉम्प्युटरमध्ये सतरा मी स्वतः भरून टाकू शकत होते. प्रोग्राम पुसू शकत होते. मंगळवार सुखाने गेला असता, आणि सगळे काय म्हणाले असते? मनवा घाबरली, म्हणून या खेपेला सरळ वागली. नोकरी राहिली असती, नाव गेलं असतं. दुसरं म्हणजे, सोमवारी कॉम्प्युटर दहा सेकंदांत बंद होतो. दाखवायला हातात काही नव्हतं. नुसत्या तोंडाने कसं सांगू, की बेसिल, तुमच्या वडिलांची प्रार्थना कॉम्प्युटर मारते? एल्रॉय तर ती पद्धत बंद करायला निमित्तच शोधत होता.

म्हणून मी बारा तसाच ठेवला. मंगळवारी तो पुन्हा लिहायला बसणार, हे नक्की होतं. आणि दांडा खाली आला, तर बेसिलच्या खिशातलं पत्र बाहेर येणार, हेही.

५

मंगळवारी अकराला प्रोग्रामने कंपनीला विचारलं, साडेअकराला सतरा उतरवला. मी मनवाला काही सांगितलं नाही. तिने रोजचंच करायला हवं होतं.

अकरा पन्नासला मी माधवकाकांपाशी गेले. त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"काका, आज दांडा ओढू नका."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरचा देव मागितला.

"येड लागलं काय तुला?"

"मशीन बंद करा, मोटरी बंद करा. त्यांच्या त्यांच्या बटणांनी. फक्त मेन नको."

"मोठ्या शेठनी मला दिलेलं काम आहे ते."

"मनवाची नोकरी आहे, काका."

ते पुन्हा पितळ घासायला लागले. पाच कमी बारा झाले. मनवाने कॉम्प्युटर बंद केला, पडद्याचं बटण दाबलं, बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बेसिलचा हात शर्टाच्या खिशावर होता. काका उठले, मेन स्विचपाशी गेले, दांड्याला हात लावला. मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले.

बारा वाजायला मिनिट उरलं असताना त्यांनी हात काढला.

ते भराभर निघाले. कॉम्प्रेसर. पहिली मोटर. दुसरी. कोरायचं मशीन. बेसिल ओरडले, "माधव, दांडा!" काका थांबले नाहीत. पहिला टोला पडला तेव्हा एक मोटर चालू होती, दुसऱ्या टोल्याला तीही थांबली. दिवे चालू राहिले. शेवटी त्यांनी पंख्यांची बटणं खाली केली.

"मोठे शेठ म्हणालेले, घंटा ऐकू आली पाहिजे," काका धापा टाकत म्हणाले. "येतेय ना ऐकू?"

येत होती. आणि तिच्या जोडीला आणखी एक आवाज येत होता, बारीक, एकसारखा. ऑफिसच्या उघड्या दारातून.

बंद केलेला कॉम्प्युटर चालू होता.

मनवाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मी आत गेले आणि पडद्याचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी पट्टी, खाली आकडा. अडुसष्ट टक्के. वर सूचना, वीज बंद करू नका. सगळे दारात येऊन उभे राहिले. बेसिलनी प्रार्थना सोडली नाही, पण या वेळी त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या आकड्यावर होते. ब्याऐंशी. नव्वद. शंभर. पडदा विझला, पंखा थांबला, आणि कारखान्यात खरीखुरी शांतता झाली. बेसिल म्हणाले, "आमेन."

६

मी सांगितलं. फार वेळ लागला नाही. चिपचा अर्धा मजकूर, सतरा नंबर, मंगळवारचे अकरा, मनवाचं पडद्याचं बटण, मोटरींच्या आवाजात कुणाला ऐकू न येणारा पंखा, आणि बाराचा दांडा. मनवाने दाबल्यावर सहसा सात मिनिटं लागतात. चिपला पाचच मिळायची.

"म्हणजे पप्पांच्या प्रार्थनेने झालं हे," एल्रॉय म्हणाला. "मी केव्हाचा सांगतोय, बंद करा हे..."

"प्रार्थना गेली छत्तीस वर्षं तरी चालू आहे. नेट आलं गेल्या महिन्यात," मी म्हणाले. "सगळ्याला यस कुणी केलं होतं? आणि जुना बायोस भरभरून पाठवणारी मी. नावं घ्यायची तर पुष्कळ आहेत, एल्रॉय. त्यात मनवाचं सापडत नाही एवढंच."

एल्रॉय मग स्वतःच माळ्यावर चढला आणि यूपीएस खाली घेऊन आला. त्याचं ओरडणं बंद करायची सोय त्याच्यातच असते. ती पाच मिनिटांची गोष्ट, तीन आठवड्यांपूर्वी कुणी विचारलं असतं तर.

बेसिलनी खिशातलं पत्र काढलं आणि मुठीत धरून उभे राहिले. "मनवा, तू पक्की. आजपासून. तुझं पत्र तूच टाईप कर, मी सही करतो."

"करते," मनवा म्हणाली.

कॉम्प्युटर चालू झाला. पहिल्या फटक्यात. ती टाईप करत असताना आम्ही सगळे उगाचच उभे होतो. तिने कागद काढून बेसिलच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला.

"तारीख चुकलीय. ही तीन आठवड्यांपूर्वीची आहे."

"चुकलेली नाही," मनवा म्हणाली. "त्या मंगळवारी तुम्ही मला पहिल्यांदा विचारलंत, काय केलंस म्हणून. मला त्या दिवसापासून पक्कं व्हायचंय."

एल्रॉय काहीतरी बोलायला गेला. बेसिलनी हात वर करून त्याला थांबवलं, टेबलावर वाकले आणि सही केली.

"झालं?"

"नाही. काढणार म्हणून तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं होतंत, जेवताना. हेही तसंच सांगा."

मागच्या बाजूला डबे उघडले होते, सुकटीचा वास सुटला होता. मनवा उपासाची, तरी आज तिथेच येऊन उभी राहिली. बेसिलनी कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचलं, नाव, हुद्दा, तारीख. शेवटी कागदावर नसलेलं एक वाक्य म्हणाले, "चूक माझी होती."

माधवकाकांनी घास खाली ठेवला.

"तारीख नीट ऐकू नाय आली, शेठ," ते म्हणाले. "परत वाचा."

बेसिलनी परत वाचली.